क्षमा कोणाची, लाभ कोणाचा?

१९ नोव्हेंबर १९८१ च्या रात्री दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरालगतच्या उमलाझी या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ग्रिफिथ्स म्झेंगे नावाच्या वकिलाची निर्घृण हत्या झाली. त्यांच्या देहावर चाळीसहून अधिक जखमा होत्या. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांचे खटले निर्भयपणे चालविणे, एवढाच त्यांचा अपराध. चार वर्षांनी, १९८५ मध्ये, त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया यांनाही घरासमोरच ठार मारण्यात आले. त्याही वकील होत्या. ग्रिफिथ्स यांचे मारेकरी गोऱ्या सरकारच्या सुरक्षा पोलिसांच्या गुप्त पथकातील होते, हे पुढे उघड झाले. अखेर मे १९९७ मध्ये डर्बनच्या न्यायालयाने पथकाचा प्रमुख डर्क कुट्सिया आणि त्याचे दोन साथीदार यांना दोषी ठरविले. आता शिक्षा तेवढी सुनवायची होती. ती वेळ आलीच नाही. ऑगस्टमध्ये सत्य आणि समेट आयोगाच्या समितीने तिघांनाही माफी दिली आणि न्यायासनासमोरचे ते अपराधी मोकळे झाले.

म्झेंगे कुटुंबाने ही माफी मागितली नव्हती, दिलीही नव्हती. उलट, माफी देण्याच्या या अधिकारालाच त्यांनी स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबीयांसह घटनात्मक न्यायालयात आव्हान दिले होते. जुलै १९९६ मध्ये ते आव्हान फेटाळले गेले. ज्यांचे रक्त सांडले त्यांचा नकार आणि राज्यसंस्थेची माफी, असा हा विचित्र प्रसंग. तरीही जगाच्या पाठीवर या साऱ्या व्यवहाराचे वर्णन ‘ख्रिस्ती क्षमेचा विसाव्या शतकातील चमत्कार’ अशाच शब्दांत केले गेले. आपल्याकडेही क्षमा आणि सलोखा हे शब्द उच्चारताच दक्षिण आफ्रिकेकडे बोट दाखविणारे विचारवंत कमी नाहीत. त्या बोटाच्या दिशेने नीट पाहण्याची म्हणूनच आवश्यकता आहे.

समझोत्यावर चढविलेला झगा

वस्तुस्थिती अशी की, या माफीचा जन्म प्रार्थनामंदिरात झाला नाही, तो वाटाघाटींच्या मेजावर झाला. सत्ता सोडणाऱ्या गोऱ्या राजवटीला आपल्या पोलीस आणि लष्करी अधिकाऱ्यांसाठी अभय हवे होते. ते मिळाले नाही तर निवडणुकाच होणार नाहीत, यादवी माजेल, अशी भीती होती. म्हणून १९९३ च्या अंतरिम राज्यघटनेच्या अखेरीस माफीची तरतूद घालण्यात आली. १९९५ मध्ये त्यासाठी कायदा झाला, आयोग नेमला गेला आणि एप्रिल १९९६ मध्ये ईस्ट लंडन शहरात पहिली जाहीर सुनावणी झाली. अध्यक्षस्थानी आर्चबिशप डेस्मंड टुटू होते आणि उपाध्यक्ष अ‍ॅलेक्स बोरेन हे मेथॉडिस्ट चर्चचे माजी प्रमुख. प्रार्थना झाली, मेणबत्ती पेटली आणि राजकीय तडजोडीला धर्मकृत्याचे रूप प्राप्त झाले.

राजकीय तडजोड करणे हा गुन्हा नव्हे. सत्तावीस वर्षांचा कारावास भोगून बाहेर आलेल्या नेल्सन मंडेला यांनी देश रक्तपातातून वाचविला, याबद्दल त्यांच्यापुढे कोणीही नतमस्तक व्हावे. परंतु तडजोडीला तडजोड म्हणावे. तिला क्षमेचे नाव दिले की पीडिताच्या तोंडावर नैतिक कुलूप बसते. तडजोडीला विरोध करणारा नागरिक ठरतो. क्षमेला विरोध करणारा मात्र सूडबुद्धीचा, कोत्या मनाचा ठरतो. म्झेंगे आणि बिको यांच्या कुटुंबीयांनी न्याय मागितला, तेव्हा त्यांच्या वाट्याला नेमके हेच आले. टुटू यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकाचे नावच क्षमेविना भविष्य नाही, अशा अर्थाचे आहे. मग ज्याला क्षमा करवत नाही, त्या विधवेच्या भविष्याचे काय?

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. माफी मिळविण्यासाठी अपराध्याने दोनच गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. एक, आपला अपराध राजकीय हेतूने घडला. दुसरी, त्याविषयीची माहिती आपण पूर्णपणे सांगितली आहे. पश्चात्ताप व्यक्त करण्याची अट कायद्यात नव्हती. एकूण ७,११२ जणांनी अर्ज केले आणि ८४९ जणांना माफी मिळाली. या ८४९ जणांपैकी कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावे, अशी कायद्याची अपेक्षाच नव्हती. माजी अध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा यांनी तर आयोगापुढे येण्यासही नकार दिला. ख्रिस्ती परंपरेतसुद्धा पापाची कबुली आणि अनुताप यांची जोडी मानलेली आहे. येथे कबुली होती. अनुताप ऐच्छिक होता.

भिंत कोणी बांधली?

क्षमेचे श्रेय ज्या धर्मसंस्थेला दिले जाते, तिने या अन्यायाच्या उभारणीत कोणता वाटा उचलला होता, हा प्रश्न टाळता येत नाही. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची माणसे केपच्या किनाऱ्यावर उतरली, तेव्हा त्यांच्यासोबत डच रिफॉर्म्ड चर्चही आले. १८५७ मध्ये या चर्चच्या धर्मपरिषदेने गोऱ्या आणि काळ्या भाविकांच्या उपासना वेगळ्या करण्यास मुभा दिली. कारण काय, तर काहींच्या मनाचा दुबळेपणा! गोऱ्यांना काळ्यांच्या शेजारी बसून प्रभूचे नाव घेववत नव्हते, म्हणून प्रभूच्या घरात भिंत उभी राहिली. १८८१ मध्ये मिश्रवंशीय ख्रिस्त्यांसाठी स्वतंत्र चर्चच स्थापन झाले. वर्णभेदाचे कायदे संसदेत संमत होण्याच्या कितीतरी आधी ते प्रार्थनामंदिरात अमलात आले होते.

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच चर्चचे माजी धर्मगुरू. त्यानंतर १९४९ मध्ये मिश्रविवाहांवर बंदी आली, १९५० मध्ये प्रत्येक माणसाची वंशावर नोंद करणारा आणि वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा असे दोन कायदे झाले. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मृत्युमुखी पडली. तरीही चर्चचे मुख्य नेतृत्व जागे झाले नाही. १९७४ मध्ये तर या चर्चच्या सर्वोच्च परिषदेने वंशनिहाय वेगळेपणाला बायबलचा आधार शोधणारा अहवालच स्वीकारला. बाबेलच्या मनोऱ्याची कथा, देवाने भाषा वेगळ्या केल्याची कथा, यांतून काळ्यांना हाकलून देण्याचे समर्थन शोधले गेले.

या अन्यायाची झळ भारतीयांनाही बसली, हे येथे विसरता येणार नाही. १८६० पासून करारबद्ध मजूर म्हणून नाताळच्या उसाच्या मळ्यांत नेलेल्या भारतीयांच्या वंशजांनाही वंशनिहाय वस्त्यांच्या कायद्याने घरादारातून उठविले. १८९३ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या फलाटावर मोहनदास गांधी या तरुण बॅरिस्टरला ज्या वृत्तीने गाडीतून उतरविले, तीच वृत्ती पुढे कायद्याच्या पुस्तकात शिरली. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात या प्रश्नाला वाचा फोडणारा पहिला देश भारत होता.

जमीन मात्र तेथेच राहिली

क्षमेची खरी कसोटी भावनेच्या उमाळ्यात लागत नाही, ती नंतरच्या हिशेबात लागते. १९१३ च्या भूमी कायद्याने देशातील बहुसंख्य काळ्यांसाठी सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली. १९३६ मध्ये ती मर्यादा सुमारे तेरा टक्क्यांवर नेली. उरलेली सारी भूमी अल्पसंख्य गोऱ्यांसाठी. एका शतकानंतर, २०१७ च्या सरकारी भूमी पाहणीत काय आढळले? व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के जमीन गोऱ्यांच्या आणि अवघी चार टक्के काळ्या आफ्रिकनांच्या नावावर होती. अश्रू काळ्यांचे वाहिले, क्षमा काळ्यांनी केली आणि शेती गोऱ्यांकडे राहिली. जागतिक बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पाहणीतील १६४ देशांमध्ये सर्वाधिक विषमता असलेला देश म्हणून दक्षिण आफ्रिकेचीच नोंद झाली.

आयोगाने पीडितांना सहा वर्षे वार्षिक साहाय्य देण्याची शिफारस केली होती. ती स्वीकारली गेली नाही. २००३ मध्ये सरकारने प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देऊन विषय आटोपला. वर्णभेदाच्या काळात गबर झालेल्या उद्योगांवर कर बसविण्याची सूचनाही बाजूला पडली. ज्यांनी माफीचा अर्ज केला नाही किंवा ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, अशांची सुमारे तीनशे प्रकरणे खटल्यांसाठी सोपविण्यात आली. त्यांतील बहुतेक धूळ खात पडली. हे खटले कोणी मुद्दाम रोखले काय, याचा शोध घेण्यासाठी २०२५ मध्ये, म्हणजे पहिल्या सुनावणीनंतर जवळजवळ तीन दशकांनी, राष्ट्राध्यक्षांना चौकशी आयोग नेमावा लागला. माफी महिन्यांत मिळाली. न्यायाच्या वाटेवर पिढी संपली.

अपराध्यांची माफी तत्काळ अमलात आली आणि पीडितांची भरपाई शिफारशीच्या कागदावर राहिली, हे या प्रयोगाचे सार आहे. ज्याला क्षमा मिळाली त्याला सर्व काही मिळाले. ज्याने क्षमा केली त्याच्या हाती मोठेपणाचे प्रशस्तिपत्र आले.

धर्मसंस्थेची स्वतःची कथा याहून बोलकी आहे. नोव्हेंबर १९९० मध्ये रस्टेनबर्ग येथे चर्चच्या परिषदेत डच रिफॉर्म्ड चर्चचे धर्मपंडित विली याँकर यांनी आपल्या चर्चच्या अपराधाची जाहीर कबुली दिली. टुटू लगेच उठले आणि त्यांनी ती क्षमायाचना स्वीकारली. ‘आमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला?’ असा प्रश्न तेव्हाच काही कृष्णवर्णीय ख्रिस्त्यांनी उपस्थित केला होता. पुढे काय झाले? मिश्रवंशीयांचे आणि काळ्यांचे चर्च १९९४ मध्ये एकत्र आले. त्यांनी ‘बेलहार’ हा समतेचा विश्वासनामा गोऱ्यांच्या चर्चपुढे ठेवला. १८५७ ची चूक पुसण्याची ती संधी होती. परंतु गोऱ्यांच्या चर्चने तो पूर्णत्वाने आपला मानला नाही आणि दोन्ही चर्चचे एकीकरण आजतागायत झालेले नाही. जगाला समेटाचे पाठ देणाऱ्यांना आपल्याच घरातील भिंत पाडता आलेली नाही.

चर्चमधूनच उठलेला आवाज

हे सर्व ख्रिस्तद्वेषातून मांडले जात आहे, असा आरोप कोणी करील. त्याला उत्तर दक्षिण आफ्रिकेतील ख्रिस्त्यांनीच देऊन ठेवले आहे. शार्पव्हिलनंतर डच रिफॉर्म्ड चर्चचे एक मान्यवर धर्मगुरू बायर्स नॉडे यांनी वर्णभेदाविरुद्ध उभे राहण्यासाठी १९६३ मध्ये आपले धर्मपद सोडले. स्वकीयांचा बहिष्कार सोसला. १९७७ मध्ये सरकारने त्यांच्यावर निर्बंध लादले. ते सात वर्षे टिकले. १९८५ मध्ये ‘कैरोस’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या निवेदनात तेथील ख्रिस्ती धर्मचिंतकांनीच चर्चच्या समेटवादावर कठोर प्रहार केला. अन्याय चालू असताना पीडिताला समेटाचा उपदेश करणे म्हणजे त्याला अन्यायात सहभागी व्हायला सांगणे, असा त्यांचा आशय होता. टुटू यांनाही पुढे हे जाणवले असावे. २०११ मध्ये त्यांनी श्रीमंत गोऱ्यांवर विशेष कर बसविण्याची सूचना केली, तेव्हा त्यांच्यावर टीकेची झोड उठली. गोऱ्यांना टुटूंची क्षमा हवी होती, त्यांचा हिशेब नको होता.

बायबलमध्येही जक्कय नावाच्या जकातदाराची कथा आहे. येशू त्याच्या घरी जातो, तेव्हा तो म्हणतो की, कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करीन. आणि त्यानंतरच त्याच्या घराच्या उद्धाराचा उच्चार होतो. दक्षिण आफ्रिकेच्या प्रार्थनामंदिरांत ही कथा शेकडो वर्षे वाचली गेली असेल. चौपट राहू द्या, मुद्दल तरी परत आले काय?

भारतीय परंपरेत यासाठी प्रायश्चित्त हा शब्द आहे. त्यात अनुताप आहे, अपराधाचे जाहीर कथन आहे, तप आहे, दान आहे. आणि चोरीच्या बाबतीत चोरलेली वस्तू आधी परत करावी, मगच शुद्धीचा विचार, असे धर्मशास्त्र सांगते. शास्त्रांतील वर्णनिहाय भेदभाव आज कोणीही स्वीकारणार नाही, स्वीकारू नये. परंतु दोषाचे क्षालन दोषी माणसाच्या कष्टाने होते, पीडिताच्या औदार्याने होत नाही, हे सूत्र मात्र अबाधित आहे.

गोव्याचे अनुत्तरित पान

हे सूत्र लक्षात घेतले की भारताशी संबंधित एक पानही वाचावे लागते. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांनी एका फर्मानाद्वारे पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांच्या भूमीवर ताबा मिळविण्याचा आणि तेथील लोकांना गुलाम करण्याचा अधिकार बहाल केला. त्याच अधिकाराच्या छायेत पोर्तुगीज भारतात आले. गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय बसले आणि मधला अल्पकाळ वगळता ते १८१२ पर्यंत चालू राहिले. नोव्हेंबर १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे दिल्लीत आले, तेव्हा गोव्यातील अत्याचारांबद्दल त्यांनी क्षमा मागावी, अशी मागणी हिंदू संघटनांनी केली होती. त्यांनी तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक हाती यावे, अशी अपेक्षा तेवढी व्यक्त केली. मार्च २००० मध्ये रोम येथे त्यांनी चर्चच्या पुत्रांच्या पापांबद्दल क्षमा मागितली खरी. परंतु ती मागितली देवाकडे. गोव्याचे नाव त्यात नव्हते. १४५५ च्या फर्मानातून निघालेला सिद्धांत व्हॅटिकनने मार्च २०२३ मध्ये, ५६८ वर्षांनी नाकारला. नाकारताना, तो चर्चच्या शिकवणुकीचा भाग कधी नव्हताच, असेही सांगितले. नव्हता, तर त्यावर पोपची मुद्रा कशी होती?

आजच्या गोव्यातील ख्रिस्ती बांधवांना याबद्दल बोल लावणे सर्वथा अन्यायाचे होईल. त्या धर्मन्यायालयाचा सर्वाधिक जाच सोसला तो नवख्रिस्त्यांनीच, म्हणजे त्यांच्याच पूर्वजांनी. प्रश्न संस्थेला आहे. जिच्याविरुद्ध अपराध केला तिच्याकडे न वळता देवाकडे वळणारी क्षमायाचना आणि पीडिताला न विचारता दिली गेलेली माफी, ही एकाच नाण्याची दोन रूपे आहेत. दोन्हींत पीडित बाहेर उभा असतो.

आपल्या अंगणात

येथपर्यंत वाचून ज्याला समाधान वाटले असेल, त्याने एक क्षण थांबावे. दक्षिण आफ्रिकेचा आरसा दुसऱ्याला दाखविण्यापुरता नाही.

१९७४ हे वर्ष पाहा. त्या वर्षी डच रिफॉर्म्ड चर्च वंशभेदासाठी धर्मग्रंथाचा आधार शोधत होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी, अस्पृश्यता वाईट नसेल तर जगात काहीच वाईट नाही, अशा निःसंदिग्ध शब्दांत तिचा निषेध केला आणि ती समूळ गेली पाहिजे, असे सांगितले. शास्त्राचा आधार शोधत बसण्याचा मार्ग त्यांनी नाकारला. हा फरक अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु अभिमान हा वारशाचा असतो. उत्तरदायित्व वारसांचे असते.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करणारे हात कोणा परकीयांचे नव्हते. त्या तळ्यावरील हक्कासाठी उच्च न्यायालयाचा अंतिम निर्णय मिळायला १९३७ साल उजाडावे लागले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार ज्यांच्यासाठी बंद राहिले, तेही रामाचेच नाव घेत होते. तेव्हा ‘झाले गेले विसरा, आपण सारे एक आहोत’ हा उपदेश ज्यांनी सोसले त्यांना करण्याचा अधिकार कोणाला आहे? केपमधल्या गोऱ्या धर्मगुरूने हेच म्हटले होते.

समरसता हा शब्द या देशात १९८३ पासून मंचाच्या रूपाने उभा राहिला आणि अनेकांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्या शब्दाचे मोल राखायचे असेल तर त्याला समेटाची मेणबत्ती होऊ देता कामा नये. सहभोजनाची पंगत उठल्यावर शेजारच्या वस्तीतील मुलाला गावच्या पाणवठ्यावर, देवळाच्या गाभाऱ्याशी, स्मशानभूमीत तितकाच निःशंक प्रवेश आहे काय? शहरातल्या सोसायटीत घर भाड्याने देताना आडनाव विचारले जाते काय? घरातल्या मुलीने जातीबाहेर वर निवडला, तर शाखेत समतेवर बौद्धिक देणारा बाप काय करतो? गायरानाच्या आणि इनामाच्या जमिनी सातबाऱ्यावर कोणाच्या नावे चढल्या? एकात्मतेचे उत्तर या चार प्रश्नांत आहे.

क्षमा हे वीराचे भूषण आहे, असे आपण मुलांना शिकवितो. पण क्षमा करायची की नाही, हे ज्याने घाव सोसला त्यालाच ठरवू द्यावे. ज्याच्या हातून घाव झाला, त्याच्या वारसाने तिची अपेक्षा धरून बसू नये. त्याच्यासाठी दुसरे काम आहे. उमलाझीच्या त्या वकिलाच्या घराने तीन दशके जे मागितले, ते सहानुभूतीपोटी नव्हते. घेतले ते परत करा, झाले ते मान्य करा आणि मग आमच्या दारात या, एवढेच ते मागणे होते. हे मागणे जगातल्या प्रत्येक पीडिताचे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या धर्मसंस्थेने ते ऐकले नाही. हिंदू समाजाला ते ऐकायचे आहे, आणि त्यासाठी आधी स्वतःच्या अंगणाबाहेर उभ्या असलेल्यांकडे पाहायचे आहे.